घरचा कार्यक्रम पालक करत नाहीत, की आपणच देताना चुकतो?

सादळेमादळे | रवि, रात्री ९.४०

मंडळी, केंद्रात नव्यानं लागणाऱ्या थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांसाठी एक पानी टिपण करायचं आहे: विशेष मुलांच्या पालकांबरोबर काम कसं करायचं. कॉलेजात स्नायू, जीभ, वर्तन यांवर भरपूर शिकवतात. समोर बसलेल्या आईबापाशी बोलायचं कसं, यावर एखादं लेक्चर मिळालं तर नशीब.

उदाहरण घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेलं चार वर्षांचं मूल. फिजिओनं दिलेलं स्ट्रेचिंग सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं. स्टँडिंग फ्रेममध्ये, म्हणजे मुलाला उभं धरून ठेवणाऱ्या चौकटीत, ४५ मिनिटं. ओटीचं (ऑक्युपेशनल थेरपी) हाताचं काम अर्धा तास, स्पीचचं वीस मिनिटं, बालवाडीचा अभ्यास अर्धा तास. बेरीज पावणेतीन तास. एकेक कागद सुटा बघितला तर वाजवीच वाटतो. पण सगळे कागद एकाच बाईच्या हातात पडतात, आणि तिला दोन्ही वेळा डेअरीला दूध घालायचं असतं. त्यात या मुलाचं एकेक जेवण पाऊण तास चालतं.

माझं मत सरळ आहे. कार्यक्रम घरी झाला नाही तर आधी देणाऱ्याची चूक धरावी. पहिल्या भेटीत काय विचारावं, एका वेळी किती द्यावं, झालं नाही तर काय बोलावं, वडील आणि आजी-आजोबांना कसं सामील करून घ्यावं, यावर लिहा. तत्त्वज्ञान नको, नेमकं काय करायचं ते सांगा.

---

तांबडापांढरा | रवि, रात्री ९.५२

पावणेतीन तासांत आईनं जेवायचं कधी तेही कागदावर लिहून द्या. 'दिवसातून दोनदा, जमल्यास.'

---

ओटीवहिनी | रवि, रात्री १०.३१

तपासणीच्या आधी घराचा दिवस विचारून घ्यायचा. 'काय त्रास आहे?' इथून सुरू करायचंच नाही. 'सकाळी घरात आधी कोण उठतं? मग काय होतं?' इथून सुरुवात, आणि रात्री मूल कुणाशेजारी झोपतं इथपर्यंत जायचं. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी टिपा: त्या वेळी मुलाजवळ कोण असतं, मूल स्वतः किती करतं, आणि घरच्यांना ते किती जड जातं. शेवटी एकच प्रश्न, 'यातलं एक काही सोपं झालं तर कुठलं व्हावं?' उत्तर बहुतेकदा आपल्या चेकलिस्टमध्ये नसतं. आपण पेन्सिल धरण्याच्या मागे लागलेलो असतो, आणि घरच्यांना काळजी असते की आंघोळीच्या वेळी मूल ताठ होतं आणि साबणाच्या हातातून निसटतं.

मग व्यायाम त्या दिवसात बसवायचा, दिवस व्यायामात नाही. पोटरीचं स्ट्रेचिंग कपडे बदलतानाच होतं. चड्डी चढवायच्या आधी गुडघा सरळ ठेवायचा, टाच तळहातात धरायची, पाऊल सावकाश वर आणायचं, ३० सेकंद धरायचं. प्रत्येक पायाला तीनदा. झटका दिला की ताठपणा वाढतो, म्हणून 'जोर लावू नका, वाट बघा' हे शब्द तसेच सांगायचे. कपडे दिवसातून तीन-चार वेळा बदलले जातातच, त्यासाठी वेगळी वीस मिनिटं कशाला?

फ्रेम स्वयंपाकघराच्या दारात लावा. भाकरी थापायला बसलं की मूल फ्रेममध्ये, समोर फळीवर पिठाचा गोळा किंवा सोलायला मटार. फ्रेम आणि ओटी दोन्ही एका वेळेत झाले. मात्र फ्रेम मागवण्याआधी दाराची रुंदी आणि उंबऱ्याची उंची विचारा. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या दारांत अडकलेल्या फ्रेमवर पुढे कपडे वाळत घालतात.

एका वेळी दोनच गोष्टी द्याव्यात. तिसरी द्यायची तर आधीची एक मुरलेली हवी, नाहीतर उघडपणे रद्द केलेली. रद्द केली हे सांगायचं राहून जातं आणि पालक दोन वर्षांपूर्वीचा व्यायामही इमानानं करत बसतात.

---

स्पष्टबोलतो | रवि, रात्री ११.०५

ऐकायला छान आहे. पण काही पालकांना खरंच करायचं नसतं हे कुणी बोलायचं? फी भरली, मूल आत सोडलं, बाहेर बाकावर बसून रील्स. लहान वयातला काळ परत येत नाही. थोडं कडक बोलावंच लागतं. सगळी चूक आपल्यावर घेण्यात काय मोठेपणा आहे?

---

आईचाआवाज | सोम, सकाळी ६.१५

@स्पष्टबोलतो, कडक बोललात की पुढच्या वेळी पालक 'केलं' म्हणतात, एवढंच होतं. तुमच्या रजिस्टरमध्ये टिक लागते आणि तुम्ही चुकीच्या माहितीवर पुढचा व्यायाम चढवता.

'केलं का?' या प्रश्नाला हो किंवा नाही, दोनच उत्तरं आहेत आणि दुसरं द्यायला लाज वाटते. त्याऐवजी 'कुठल्या दिवशी जमलं, कुठल्या दिवशी अडलं?' असं विचारा. मग कारण बाहेर येतं, आणि प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा असतो. मूल रडतं म्हणून थांबलं असेल तर ते दुखण्याचं रडणं आहे की कंटाळ्याचं, हे तुम्ही हात लावून बघायला हवं. कसं करायचं ते घरी जाईपर्यंत विसरलं असेल तर पुन्हा तोंडानं सांगून उपयोग नाही. आईच्याच फोनवर, आईच्याच हातानं करतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून द्या. सासूबाई 'पोराला छळू नको' म्हणत असतील तर पुढच्या भेटीला सासूबाईंनाच बोलवा आणि मूल त्यांच्या मांडीवर द्या. फरक दिसत नाही म्हणून सोडलं असेल तर मोजायला काहीतरी दृश्य द्या. महिन्यापूर्वी किती सेकंद आधाराशिवाय बसत होतं, आज किती. आणि वेळच नसेल तर व्यायाम कमी करा.

बाकावर रील्स बघणाऱ्यांबद्दल: आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही. बंद दाराकडे बघून काय करायचं?

---

ओटीवहिनी | सोम, सकाळी ८.२०

शेवटच्या ओळीला +१००.

---

बालरोगवाला | सोम, दुपारी २.४५

पहिल्या भेटीच्याही आधीचा टप्पा म्हणजे निदान सांगणं. बरंचसं तिथेच बिघडतं, आणि पुढच्या सगळ्यांना ते निस्तरावं लागतं.

निदान आईबाप दोघांना एकत्र सांगायचं. आई एकटी आली असेल आणि तातडी नसेल तर दोन-तीन दिवसांनी दोघांना बोलवा. एकटीला सांगितलं की घरी जाऊन तिला ते परत सांगावं लागतं, आणि तिथे डॉक्टर तीच ठरते. ओपीडी संपल्यावरची वेळ ठेवा, दार बंद, फोन बंद. मुलाचं नाव घेऊन बोला, 'ही केस' नको. आधी त्यांना काय वाटतंय ते विचारा, कारण निम्म्यांना शंका आलेली असते. मग निदान एका वाक्यात, साध्या मराठीत. आणि मग गप्प बसा. ती शांतता भरून काढायला डॉक्टर पाठ्यपुस्तक सांगायला लागतो, पण पहिल्या वाक्यानंतरचं फारसं काही पालकांच्या कानावरून पुढे जात नाही. म्हणून पंधरा दिवसांच्या आत दुसरी भेट त्याच दिवशी ठरवून द्यायची, आणि एक पान मराठीत लिहून: काय आहे, काय अजून नक्की नाही, पुढची एक पायरी कुठली.

आजी सोबत असेल तर एक वाक्य आवर्जून तिच्यासमोर बोला: 'हे आईच्या कुठल्याही चुकीमुळे झालेलं नाही. ग्रहणात विळी हातात धरली म्हणून नाही, गाडीवर बसली म्हणून नाही.' आपल्याकडे हा दोष सुनेच्या डोक्यावर वर्षानुवर्षं राहतो. आपण मात्र ते घरगुती भांडण समजून विषय टाळतो.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्नही तसाच. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात मामाच्या, आत्याच्या घरात लग्नं होतात. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष सगळ्यांचाच काढायचा, मग कुणाला वेगळं काढून विचारल्यासारखं वाटत नाही. पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घ्या, हे त्याच वेळी सांगायचं, 'तुम्ही असं लग्न करायला नको होतं' हे कधीच नाही.

आणखी दोन. ऑटिझमसाठी स्टेम सेल म्हणून लाखो रुपये मागणारे भेटतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो मान्य उपचार नाही. हे आपण आधीच सांगितलं पाहिजे, जमीन गहाण टाकून झाल्यावर नाही. आणि देवऋषी, अंगारा, जडीबुटी यांची चेष्टा केली की पालक पुढचं लपवतात. 'अंगारा लावा, पण फिटची गोळी एक दिवसही चुकवू नका, आणि पोटात घ्यायचं काही दिलं असेल तर पुडी मला आणून दाखवा' एवढं पुरतं. काही भस्मांत शिसं, पारा असतो, म्हणून पुडी बघायची.

---

उसाचंपाचट | सोम, दुपारी ३.१०

'एकटीला सांगितलं की घरी तीच डॉक्टर ठरते.' फ्रेम करून लावण्यासारखं वाक्य. ओटीवहिनींनी सांगितलेल्या फ्रेमवर नव्हे.

---

पायताण | सोम, सायं. ६.३०

एएफओ, म्हणजे पायाच्या स्प्लिंटबद्दल. 'दिवसभर घाला' असं सांगून पाठवतात आणि तिसऱ्या दिवशी स्प्लिंट माळ्यावर जातो. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण वेळेवर यायचं. आत शिवण टोचणार नाही असा पायमोजा, गुडघ्यापर्यंत. टाच मागे पूर्ण टेकली का ते घोट्याचा पट्टा आवळण्याआधी बघायचं, कारण टाच वर राहिली की फोड ठरलेला. काढल्यावर लाल डाग दिसला तर घड्याळ लावा. वीस-तीस मिनिटांत गेला तर चालेल, नाही गेला तर घालणं थांबवून बनवणाऱ्याकडे परत. हे सगळं पालकांना द्यायच्या दिवशीच, त्यांच्याकडून एकदा घालून-काढून घेऊन सांगायचं.

बूट एक-दोन नंबर मोठा, पुढून पूर्ण उघडणारा, आतला सुटा सोल काढून टाकलेला. कोल्हापुरी चप्पल स्प्लिंटवर बसत नाही हे लग्नसराईच्या आधीच सांगून ठेवा.

---

तांबडापांढरा | सोम, सायं. ६.४१

बाकी जिल्ह्यांत चालेल, आपल्याकडं हा मुद्दा भावनिक आहे बघा.

---

श्रवणवाणी | सोम, रात्री ९.०२

स्पीच आणि श्रवणवाल्यांच्या वतीनं.

श्रवणयंत्र बसवलं की काम झालं असं पालकांना वाटतं, कारण आपण तसं वागतो. मशीन बसवायला तास देतो आणि सांभाळायला पाच मिनिटं. रोज सकाळी यंत्र घातल्यावर सहा आवाजांची चाचणी शिकवा: आ, ई, ऊ, म, श, स. मुलाला ओठ दिसता कामा नयेत. क्रम रोज बदलायचा, मधलं अंतरही बदलायचं, नाहीतर मूल ताल पकडतं. ऐकू आलं की डब्यात एक चिंचोका टाकायचा. काल 'स' ऐकू येत होता आणि आज नाही, म्हणजे आधी बॅटरी बघा, मग कानात बसणाऱ्या साच्याची नळी. मळ किंवा दमट हवेचं पाणी अडकलेलं असतं. शिट्टी वाजते म्हणजे बहुतेकदा कान वाढलाय आणि साचा सैल झालाय. लहान बाळांना दर तीन ते सहा महिन्यांनी नवा साचा लागतो. हा खर्च पहिल्याच दिवशी सांगा. नंतर कळला की पालकांना फसवल्यासारखं वाटतं.

आपला पावसाळा यंत्रांचा शत्रू. रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या डबीत. मण्यांचा रंग बदलला की मणी बदला. आणि बटण बॅटरी गिळली तर वाट न बघता थेट दवाखाना, हे घरातल्या प्रत्येकाला.

दुसरा मुद्दा भाषेचा. गडहिंग्लज-चंदगडकडं घरी कन्नड, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी असतं. 'मूल बोलत नाही, आता एकच भाषा ठेवा' असा सल्ला सर्रास देतात आणि त्याला आधार नाही. आजी ज्या भाषेत सहज बोलते, अंगाई म्हणते, रागावते, तीच भाषा घरात राहू द्या. ती काढून घेतली की घरात मुलाशी बोलणारं माणूसच एकानं कमी होतं. चित्रकार्डांबद्दलही तेच, 'चित्रं दिली की बोलायचं बंद होईल' ही भीती निराधार आहे. मात्र कार्डं पिशवीत राहिली तर काही होत नाही. पाण्याचं कार्ड माठाजवळ, चप्पलचं दारात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि आधी मोठ्यांनी स्वतः बोलताना त्यावर बोट ठेवायचं, बरेच दिवस, मुलाकडून काही न मागता.

---

आईचाआवाज | मंगळ, सकाळी ६.०५

भरवण्यावर कुणी लिहील का? सादळेमादळे यांनी 'एकेक जेवण पाऊण तास' म्हणून सोडून दिलंय. खरा दिवस तिथेच जातो.

---

श्रवणवाणी | मंगळ, सकाळी ११.४०

लिहिते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला घरी सहसा कसं भरवतात? आजी पाय पसरून बसते, मूल पायांवर उताणं, मान मागे, आणि बोंडल्यानं किंवा चमच्यानं पातळ पेज घशात सोडतात. मान मागे गेली की श्वासाची वाट उघडी राहते आणि पेज तिकडे उतरते. खोकला, छातीत घरघर, वर्षातून दोन-तीनदा न्यूमोनिया.

हे आजीला 'चुकीचं करता' म्हणून सांगायचं नाही. तिच्याच हातून स्थिती बदलायची. कोपऱ्यात भिंतीला टेकवून खुर्ची, कंबर आणि गुडघे काटकोनात, पावलांखाली पाट, लोंबकळते पाय नकोत. हनुवटी किंचित छातीकडे. भरवणारी व्यक्ती समोर आणि मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला. उभ्यानं वरून घास दिला की मान मागे जातेच. चमचा उथळ, चपटा, अर्धाच भरलेला. जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच खाली दाबायचा, ओठ मिटायची वाट बघायची आणि सरळ बाहेर काढायचा. वरच्या दातांना पुसून काढायचा नाही. पातळ पेजेपेक्षा दाटसर खिमट जास्त ताब्यात राहतं. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही.

एक जेवण नियमितपणे अर्ध्या तासाच्या वर जात असेल, घोटानंतर आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा येत असेल, वजन महिनोन् महिने तिथेच असेल, तर ते घरच्यांचं अपयश समजू नका. गिळण्याची तपासणी करून घ्या. आणि बाकीचा सगळा घरचा कार्यक्रम तोवर बाजूला ठेवा. पोट न भरलेल्या मुलाचं स्ट्रेचिंग कुणासाठी?

---

स्पष्टबोलतो | मंगळ, दुपारी १.१५

श्रवणवाणी, उत्तम. पण बंद दाराचं म्हणाल तर पालकांना सेशनमध्ये आत बसवायला माझा विरोध आहे. आई दिसली की मूल रडतं, मांडीवर चढतं, सेशन वाया. ऑटिझमच्या मुलांत तर हमखास.

---

ओटीवहिनी | मंगळ, दुपारी २.००

पहिले दोन-तीन सेशन वाया जातील, कबूल. पण मूल आठवड्यात तुमच्याकडं दोन तास आणि घरी उरलेले सगळे. तुमच्याच खोलीत, तुमच्याशीच शहाणं वागणारं मूल घेऊन घरच्यांनी काय करायचं?

आत घेणे म्हणजे कोपऱ्यात खुर्ची देणे नव्हे. पहिली दहा मिनिटं आई घरी जसं करते तसं करेल, तुम्ही फक्त बघा. मग तुम्ही करून दाखवा, काय करताय ते बोलत. मग परत आईच्या हातात, आणि आता तुमचे हात मागे, पाठीशी. हेच अवघड जातं. मूल जरा घसरलं की आपण झडप घालतो आणि आईला कळतं की हे आपलं काम नव्हे. शेवटी 'समजलं ना?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'घरी गेल्यावर याच्या बाबांना कसं सांगाल, मलाच बाबा समजा' म्हणा. जिथे सांगताना अडखळतील तेवढंच परत.

मूल खरोखरच आईसमोर काही करत नसेल तर खोलीत जुना फोन लावून बाहेरच्या फोनवर दाखवा. हळूहळू आई दारात, मग आत.

---

झेडपीगुरुजी | मंगळ, रात्री ८.५०

वर्तनाबद्दल भर घालतो. 'मुलगा मारतो, चावतो' अशी तक्रार आली की लगेच उपाय सुचवू नका. आठवडाभर तीन रकान्यांची वही द्या: आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. वेळही लिहायची. बहुतेकदा तिसऱ्या रकान्यात उत्तर असतं. चावलं की अभ्यास थांबतो, चावलं की मोबाईल मिळतो. मग त्या वागण्याच्या जागी तेच मिळवायचा बरा मार्ग शिकवायचा, 'थांबूया'चं कार्ड किंवा हात वर करणं. आणि एक धोक्याची सूचना आधीच द्या: हट्टाला दाद देणं थांबवलं की हट्ट आधी वाढतो, मग उतरतो. हे सांगितलं नसेल तर चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी मोबाईल देतं, आणि मूल एवढंच शिकतं की जास्त जोरात ओरडायचं.

उद्दिष्टं लिहितानाही तेच. 'एकाग्रता वाढवणे' हे उद्दिष्टच नाही. 'ताटासमोर पाच मिनिटं बसेल, आठवड्यातून पाच दिवस, आजी शेजारी असताना' हे उद्दिष्ट. आजीलाही कळतं आणि मोजताही येतं. पालकांची सही घेण्याआधी उद्दिष्ट त्यांना वाचून दाखवा. तयार छापील आराखड्यावर सही घेणं म्हणजे पावती फाडणं.

शाळेबाबत: समग्र शिक्षाअंतर्गत तालुक्याला विशेष शिक्षक असतात. तीव्र अपंगत्वाच्या मुलांना घरी जाऊन शिकवायची तरतूद आहे. खाजगी केंद्रातल्या तज्ज्ञानं एकदा त्या शिक्षकांना फोन करावा, पालकांची परवानगी घेऊन. नाहीतर शाळा एक सांगते, केंद्र दुसरं, आणि मध्ये आई निरोप्या.

---

सातबारा | मंगळ, रात्री १०.१०

कागदपत्रांचं काम 'आमचं नाही' म्हणून तज्ज्ञ हात झटकतात, ते बंद करा. पालकांच्या वेळेतला मोठा हिस्सा यातच जातो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, लाभ मुख्यतः ४० टक्क्यांपासून पुढे. यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन, तपासणी कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयात. चंदगडहून येणाऱ्याचा एसटीत जाऊन-येऊन दिवस जातो, रोजगार बुडतो तो वेगळा. म्हणून जायच्या आधी फाईल तुम्ही तपासून द्या: आधार, जन्मदाखला, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, बुद्ध्यांक किंवा विकासाची चाचणी, श्रवण चाचणी, ऑटिझम असेल तर आयएसएएचे (ऑटिझमची तीव्रता मोजणारी भारतीय चाचणी) गुण. आयएसएएमध्ये ४० मुद्दे असतात, एकूण गुण ७० च्या खाली तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. पालकांना नुसता आकडा देऊ नका, अर्थ सांगा. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर नूतनीकरणाची तारीख फाईलच्या वर ठळक लिहा.

निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंत, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी. थेरपीचा खर्चही त्यात बसतो, म्हणून बिल आणि पावती नीट, तारखेसह, नोंदणी क्रमांकासह द्या. चिठोऱ्यावर 'थेरपी रु. ५००' लिहून देणारे महाभाग आहेत. दहावीला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, याची तयारी नववीत. आणि मूल १८ चं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. हे सतराव्या वर्षी सांगा, बँकेनं परत पाठवल्यावर नको.

---

उसाचंपाचट | मंगळ, रात्री १०.१८

बरोबराय, नोंदणी क्रमांक तर पालकांनीही मागावा. विशेष शिक्षक, स्पीचवाले, मानसतज्ज्ञ आरसीआयचे (भारतीय पुनर्वास परिषद), ओटी-फिजिओ राज्य परिषदेचे. पाटीवर 'चाइल्ड स्पेशालिस्ट थेरपी' एवढंच लिहिलेलं असेल तर विचारायला लाजू नका.

---

बालरोगवाला | बुध, सकाळी ७.३०

अवांतर, पण राहिलं. फिटचा आजार असलेल्या मुलाच्या प्रत्येक थेरपिस्टच्या भिंतीवर एक कागद हवा: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला फवारा आणि दवाखाना. कांदा, चप्पल, किल्ली काही नको.

---

सादळेमादळे | बुध, रात्री ९.१५

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. एक पानात बसत नाही, दोन पानं होतील. स्पष्टबोलतो यांचा मुद्दाही घेतलाय: सलग तीन भेटी काहीच झालं नसेल तर बोलायचंच, पण 'तुम्ही करत नाही' असं नाही. 'हा कार्यक्रम या घरात चालत नाही असं दिसतंय, काढून टाकू आणि नवा ठरवू' असं. आणि केंद्रातल्या सगळ्यांचा मिळून एकच कागद, वर एकूण मिनिटं लिहिलेला. बेरीज ४० च्या वर गेली की आधी आपापसात बसायचं, मग पालकांकडे.

वडिलांचा मुद्दा मात्र कुणीच नीट घेतला नाही. ते येतच नाहीत.

---

स्पष्टबोलतो | बुध, रात्री ९.३३

काढून टाकू, हे मान्य.

---

आईचाआवाज | बुध, रात्री ९.५०

येत नाहीत कारण तुमची वेळ मंगळवारी सकाळी अकरा. इचलकरंजीत मागावर बारा-बारा तासांची पाळी, शिरोली एमआयडीसीत पाळ्या, गळीत हंगामात तर ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्यावर. पहिल्याच भेटीत वडिलांची पाळी आणि सुट्टीचा वार फाईलवर लिहा आणि महिन्यातली एक भेट त्या वारी ठेवा. आले की 'मुलाशी वेळ घालवा' असं ढगात सांगू नका. एक काम फक्त त्यांच्या नावावर करा, ज्यात आई हात घालणार नाही. रात्रीची आंघोळ, स्प्लिंट काढून डाग बघणं, झोपायच्या आधीची गोळी, काहीही. आणि पुढच्या वेळी त्या कामाबद्दल थेट त्यांनाच फोन करा, आईला नाही.

---

पायताण | बुध, रात्री १०.०२

डाग बघायचं काम बाबांना द्याच. फोनवर रोजचा फोटो पाठवतात, तारखेसकट. उजेड मात्र एकाच दिव्याचा ठेवायला सांगा, ट्यूबलाइटमध्ये लाल रंग नीट कळत नाही.